वड, सूर्य, समई आणि शेवटी एक काठी

रावपुरा, बडोदे
१० डिसेंबर २०२५

तीर्थरूप विश्वासमामा,

तुमच्या उजव्या पायाला वाकून आणि डाव्या पायाला लांबूनच नमस्कार, कारण त्या गुडघ्याला सध्या पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही असं मामींनी कळवलंय. बाकी प्रकृती कशी आहे? सौमित्र वेळेवर घरी येतो का? आमटीत गूळ जास्त झाला म्हणून पुण्याचे शेजारी अजून नाकं मुरडतात का? (मुरडू देत. अख्खी नोकरी बडोद्यात काढलेल्या माणसाने ब्याऐंशीव्या वर्षी तिखट आमटी खायला शिकावं, अशी अपेक्षा करणंच क्रूर आहे.) इकडे मी, माधव आणि आमचा पाण्याचा पंप असे तिघेही जेमतेम चालू आहोत.

पत्रास कारण की, माझी खुर्ची गेली. म्हणजे पद नव्हे. रुग्णसाहित्य मंडळाचं मानद चिटणीसपद घ्यायला कोणी तयार असेल तर मी ते पेढ्यांच्या पुड्यासकट घरी नेऊन देईन. गेली ती खरीखुरी, बसायची खुर्ची. तुम्हाला आठवत असेल, मंडळाच्या स्थापनेच्या वर्षी ठराव झाला होता की देणगीतून येईल ती प्रत्येक वस्तू रुग्णांसाठी असेल, कार्यकारिणीच्या बुडासाठी नव्हे. पन्नास वर्षं होत आली तरी तो ठराव लागू आहे, त्यामुळे सभेला आम्ही त्या दिवशी जे साहित्य बाहेर गेलेलं नसेल त्यावर बसतो. अध्यक्ष उदयसिंहराव उंच पाठीच्या चाकाच्या खुर्चीत, बाकीचे मिळेल त्या चाकांवर, आणि उशिरा येणारे एअर बेडवर (तो सतत फुसफुसत असल्याने त्यांचं मत कोणाला ऐकू येत नाही). गेली अकरा वर्षं निळी चाकाची खुर्ची माझी होती. तिचा ब्रेक लागतो. हे वाचून तुम्ही हसला असाल तर खोलीच्या फरशीला दाराकडे उतार आहे, हे तुम्ही विसरलात. ब्रेक नसलेल्या खुर्चीतला सभासद बोलता बोलता हळूहळू उंबऱ्याकडे जाऊ लागतो. उदयसिंहरावांचा पुतण्या दिग्विजय, ज्याचा गोरव्याला इंजिनिअरिंगचा कारखाना आहे, तो तर प्रस्ताव मांडायला घेतो कपाटापाशी आणि संपवतो चपलांपाशी. सूचक बाहेर गेल्यामुळे बारगळलेले ठराव माझ्या इतिवृत्तात किमान सात आहेत. तर ही माझी निळी खुर्ची सभेच्या आदल्या दिवशी गोरव्याच्या एका गृहस्थांना दिली गेली. रात्रंदिवस पहारा केल्यासारखं भांडार सांभाळणाऱ्या आपल्या कमळाबाईंनी मला ही बातमी, भाजीवाला आज मेथी नाही म्हणतो त्या सुरात दिली. आणि मी तीन तास कमोडच्या खुर्चीवर बसले. झाकण बंद होतं, तरीही मामा, त्या खुर्चीवर बसून माणूस कुठल्याही विषयावर अधिकारवाणीने बोलू शकत नाही. सभेचा विषय होता मंडळाचा नवा लोगो.

आता लोगो हा शब्द आला म्हणून पत्र खाली ठेवू नका. दिवाळीत फोनवर हाच शब्द उच्चारला, तर तुम्ही म्हणालात की माझ्या चिन्हाला हात लावलास तर मी बडोद्यात पाऊल ठेवणार नाही, आणि फोन मामींच्या हातात दिलात. मामींनी मग वीस मिनिटं कोथिंबिरीच्या वड्यांची कृती सांगितली. मी त्या दिवशी तुम्हाला शब्द दिला होता की मी चिटणीस असेपर्यंत तुमच्या चिन्हातलं पानही हलणार नाही. फेब्रुवारीत सुवर्णमहोत्सव आहे, पहिल्या रांगेत तुमची जागा आहे, आणि तुम्ही येणार की नाही ते या पत्रावर ठरणार आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच फोन केला नाही. फोन तुम्हाला ठेवता येतो. पत्र फाडायला मात्र आधी वाचावं लागतं.

तर आधी मी शब्द पाळायचा किती प्रयत्न केला ते ऐका. तुमचं चिन्ह मी डोळे मिटून सांगू शकते. मधोमध वड, त्याला अठ्ठावीस पारंब्या, मागे उगवता सूर्य, खाली समई, समईभोवती दोन ओंजळी, त्याखाली कमळ आणि गोलाकार संस्कृत ओळ. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या तेहतीस वर्षांच्या मास्तरांनी एका उन्हाळी सुट्टीत हे काढलं, यावर आजही कोणाचा विश्वास बसत नाही. दोन फूट बाय दोन फूट मूळ चित्र अध्यक्षांच्या डोक्यावर टांगलेलं आहे आणि त्यातली पारंबी अन् पारंबी जिवंत आहे. अडचण एकच. आताशा माणसं संस्था बघतात ती फोनमध्ये, शेंगदाण्याएवढ्या गोलात. त्या गोलात वड, सूर्य, समई, ओंजळी, कमळ आणि संस्कृत हे सगळे एकत्र आले की जे दिसतं त्याला तळलेलं भजं म्हणतात. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. निजामपुऱ्याहून एका सद्गृहस्थांचा मंडळाच्या नंबरावर निरोप आला, लीलो चेवडो पाचशे ग्रॅम, तिखट कमी, घरपोच. मी त्यांना नम्रपणे कळवलं की आमच्याकडे फक्त वॉकर, काठ्या, एअर बेड आणि सलाइनचे स्टँड आहेत. त्यांनी विचारलं, मग भजी नाही का? (त्याच महिन्यात आणखी दोघांनी फरसाण मागवलं. एकीने तर चव पूर्वीसारखी राहिली नाही अशी तक्रारही केली.)

हे प्रकरण सभेपुढे गेलं आणि मग आपल्या लोकांचं जे होतं ते झालं. उदयसिंहरावांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे चिन्हात छत्र-चामरं आणि एखादा हत्ती आलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हत्तीच्या पाठीवर रुग्ण असला तरी चालेल, अशी तडजोडही त्यांनी सुचवली. दिग्विजयला चिन्ह ‘ग्लोबल’ हवं होतं. त्याने फोनवर कुठल्याशा यंत्राकडून अर्ध्या मिनिटात चाळीस लोगो काढून आणले होते, सगळे सोनेरी, सगळ्यांत एक पृथ्वी आणि पृथ्वीभोवती काहीतरी वेगाने गेल्याची खूण. ते काय गेलं असं मी विचारलं, तर म्हणाला प्रगती. (तेवढ्यात तोही उंबऱ्याकडे निघाला होता.) एका सभासदांनी वडाच्या जागी तुळस सुचवली, दुसऱ्यांनी तुळशीला हरकत नाही पण वड नको असं कोणी म्हटलं म्हणून रागावून घरी जायची तयारी केली. मी तुमच्या बाजूने तीन सभा लढले मामा. हत्तीला विरोध केला, पृथ्वीला केला, तुळशीला केला. पारंब्या अठ्ठावीसच्या चौदा कराव्यात या तडजोडीलाही, कमोडवर बसून का होईना, मीच विरोध केला.

मग इरा आली. ही सव्वीस वर्षांची मुलगी, फाइन आर्ट्समधून शिकलेली, आई मराठी, वडील गुजराती, आणि बोलते ती एका वाक्यात तिन्ही भाषा, चौथीला जागा ठेवून. आमच्यापैकी एकाने तिला फुकट काम करशील का विचारलं होतं, ती करीन म्हणाली. त्यामुळे तिला काही येत नसणार, अशी सर्वांची खात्री होती. पहिल्या सभेला ती लॅपटॉप घेऊन येईल, पडद्यावर रंगीत चौकोन दाखवील आणि आम्ही एकेक नापसंत करू, अशा तयारीने आम्ही सगळे पोट भरून आलो होतो. ती आली हातात एक वही घेऊन, सरळ फरशीवर बसली (अकरा वर्षांत त्या खोलीत न घरंगळता बसलेली ती पहिली व्यक्ती), हत्तीपासून तुळशीपर्यंत सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. तुम्ही वस्तू देता त्या परत येतात का?

प्रश्न वर्मी बसला. कारण तोच तर मंडळाचा खरा रोग आहे. रुग्ण बरा होतो किंवा नाही होत, दोन्हीकडे वॉकर माळ्यावर जातो, आणि इकडे पुढचा माणूस भिंत धरून चालत असतो. आज मंडळाच्या तीन वस्तूंपैकी एक कुठल्या तरी माळ्यावर पडलेली आहे. उदयसिंहराव छताकडे पाहू लागले. दिग्विजयने फोन कानाला लावला, पण तो उलटा होता. मी चिटणीस असल्याने इतिवृत्त लिहीत होते, त्यामुळे मला मान वर करता आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंहरावांच्या गाडीतून एक पाठीचा टेकू उतरला, चौथ्या दिवशी दिग्विजयच्या कारखान्याच्या टेम्पोतून दोन कुबड्या आणि एक बेडपॅन आलं, आणि त्यावर कोणीही कोणालाही काही विचारलं नाही. दुसऱ्यांना परत करा म्हणून वर्षाला चार परिपत्रकं काढणारे हे लोक, मामा. मी कमळाबाईंपाशी त्यांना भरपूर नावं ठेवली. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आता इराबद्दल थोडं कौतुकाने लिहिते. मला कौतुक लिहायची सवय नसल्याने कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. ही मुलगी पुढचे तीन आठवडे आमच्यापैकी एकालाही भेटली नाही. ती रोज दुपारी भांडारात जाऊन कमळाबाईंशेजारी बसायची. कमळाबाईंना तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा त्या पंचविशीच्या आतल्या होत्या, आता सदुसष्टीच्या आहेत. गुडघे तुमच्याहून वाईट, पण मंडळाची एकही काठी स्वतः कधी वापरली नाही, घरून आणलेली वापरतात. कोण येतं, काय मागतं, कुठे सही करतं, हे सगळं इरा बघत होती. रुग्णाची उंची न विचारता नुसतं आणायला आलेल्या मुलाकडे बघून कमळाबाई काठी कशी निवडतात (वडील तुझ्याएवढेच का, की आणखी वाकलेत?), वॉकरचे रबरी पाय कसे नखाने तपासतात, आणि माणूस निघताना ‘बरं वाटलं की आणा’ असं न म्हणता ‘आणाल तेव्हा चहा घेऊन जा’ असं का म्हणतात, हे मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी इतिवृत्त लिहीत होते. इराने ते सगळं वहीत काढलं होतं. ती वही मी पाहिली आणि पहिल्यांदाच वाटलं, की आपण ज्या संस्थेच्या चिटणीस आहोत ती कशी दिसते हे आपल्याला आताच कळलं.

मग तिने आणखी एक उद्योग केला. तुमच्या चिन्हाचा छापील कागद घेऊन ती दोन दिवस इस्पितळाच्या दाराशी उभी राहिली आणि आया, वॉर्डबॉय, रिक्षावाले, नातेवाईक जो दिसेल त्याला विचारत सुटली की हे कोणाचं. वाईट वाटून घेऊ नका मामा. कोणी बँक म्हणालं, कोणी अगरबत्ती, एका आजींनी हात जोडले. मग तिने फोनमधला दुसरा एक फोटो दाखवला. त्यात वड नव्हता, सूर्य नव्हता. लाल तेलरंगात ओढलेल्या दोन रेघा होत्या, एक वर वळलेल्या मुठीची काठी आणि तिच्याखाली आडवी जमीन. रिक्षावाला म्हणाला, आ तो कमळाबेननुं, रावपुरानुं. आया म्हणाली, हे निशाण असलं की आम्ही वस्तू बाजूला काढून ठेवतो, दुसऱ्या वॉर्डात जाऊ देत नाही. एकवीस जणांना विचारलं, त्यातल्या सतरा जणांनी ओळखलं.

हे तिने सभेत सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. आमच्यापैकी कोणाला ते निशाण माहीत नव्हतं, त्यामुळे ते नसणारच, असं आमचं म्हणणं होतं. इरा म्हणाली, मावशी, जरा उभ्या राहता? मी कमोडच्या खुर्चीवरून उठले. तिने खुर्ची उलटी केली. खालच्या दांडीवर ते होतं. मग तिने उदयसिंहरावांना उठवलं (त्यांना सभेत उठवणारी ती पहिलीच), मग दिग्विजयला, आणि एकेक करून कार्यकारिणी भिंतीला टेकून उभी राहिली. प्रत्येकाच्या बुडाखाली तेच. आम्ही वर्षानुवर्षं त्याच्यावर बसून चिन्ह कसं असावं यावर वाद घालत होतो.

कमळाबाईंना आत बोलावलं. उदयसिंहरावांनी त्यांना फार मोठ्या मनाने सांगितलं की बाई, तुमचं हे निशाण मंडळ आता बोधचिन्ह म्हणून स्वीकारायचा विचार करतंय. मला वाटलं बाई खूश होतील. त्यांचा चेहरा इतका गोंधळला की मला माझ्या खुर्चीची आठवणसुद्धा राहिली नाही. त्या म्हणाल्या, “हे माझं नाही. आणि हे चिन्हही नव्हे. मास्तरांचं अर्धं राहिलेलं काम आहे ते. ते येऊन पुरं करणार आहेत.”

कोणते मास्तर, ते तुम्हाला कळलं असेल. नसेल तर मी आठवण देते. जून त्र्याऐंशी, शनिवार. मंडळाला एकाच देणगीत दोन चाकाच्या खुर्च्या आणि चाळीस काठ्या मिळाल्या होत्या आणि इस्पितळात त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीवर मंडळाचं चिन्ह रंगवायचं ठरलं होतं. तुम्ही सकाळी अकराला ब्रश घेऊन बसलात. पहिल्या खुर्चीच्या पाठीवर अठ्ठावीस पारंब्यांसकट अख्खं चिन्ह काढलंत. ते संपलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, एक खुर्ची आणि चाळीस काठ्या शिल्लक होत्या आणि त्या दिवशी तिकडे इंग्लंडात आपल्या लोकांचा क्रिकेटचा शेवटचा सामना सुरू होणार होता. कमळाबाईंच्या शब्दांत, मास्तर सारखे घड्याळ बघत होते. शेवटी तुम्ही पहिली काठी घेतलीत, वडाच्या तळापासून सुरुवात केलीत, बुंध्याशी टेकवलेली काठी काढलीत, खाली जमीन काढलीत, आणि ब्रश कमळाबाईंच्या हातात दिलात. बाकीच्यांवर सध्या एवढंच काढून ठेवा, वर वड आणि सूर्य मी सावकाशीने येऊन भरतो, असं म्हणून तुम्ही रेडिओकडे पळालात.

सामना आपण जिंकलो, हे मला माहीत आहे. तुम्ही परत आला नाहीत, हे त्या सभेत कळलं. बेचाळीस वर्षं, मामा, ही बाई प्रत्येक नव्या वस्तूवर दोन रेघा ओढतेय आणि वर वडासाठी जागा सोडतेय. रंगाचे डबे बदलले, ब्रश झिजले, वस्तू हजाराच्या वर गेल्या. तिने एकदाही वर काही भरलं नाही, कारण ते मास्तरांचं काम. मी पुढे होऊन तुमचं मूळ चित्र जवळून पाहिलं. बुंध्यापाशी खरंच एक काठी टेकलेली आहे. अठ्ठावीस पारंब्या मोजल्या होत्या मी लहानपणापासून, ती काठी कधी दिसलीच नव्हती.

सगळे उभेच होते, कारण कोणालाच परत त्यावर बसायचा धीर होईना. उदयसिंहरावांनीही चित्राजवळ जाऊन ती काठी पाहिली. मग ते कमळाबाईंना म्हणाले, “बाई, मग आता ते अर्धंच राहू द्या.” मी त्या माणसाची गेली अकरा वर्षं जी चेष्टा केली आहे, त्यातली निम्मी मी त्या क्षणी मागे घेतली. (उरलेली निम्मी पाच मिनिटांनी परत लागली, काठीच्या मुठीला हत्तीची सोंड करता येईल का असं त्यांनी विचारलं तेव्हा.) दिग्विजयने तेवढं सोनेरी करता आलं तर बघा म्हटलं. इराने दोघांकडे पाहून फक्त हसून मान हलवली, आणि ती मान होकाराची नव्हती हे दोघांना कळलं, हे या मुलीचं खरं शिक्षण. तिने नवं काहीच काढलं नाही मामा. तीन आठवडे बघितलं आणि असलेलं आम्हाला दाखवलं. माझ्यासारख्या, सगळ्यांना सगळं सांगत फिरणाऱ्या बाईला हे फार लागलं.

ठराव मताला टाकला. तुमचं चिन्ह राहावं म्हणून तीन सभा भांडलेली मी, दिलेला शब्द मोडून, काठीच्या बाजूने हात वर केला. तो सर्वांत आधी वर गेला, हेही लपवत नाही. माझ्या बाजूने एवढंच म्हणते की तुमच्या चिन्हाला हात लावला असं म्हणायचं, तर तो तुमचाच होता आणि लावून झाल्याला बेचाळीस वर्षं झाली. मन लावून, सुट्टी घालवून, अठ्ठावीस पारंब्या काढून तुम्ही जे केलंत ते भिंतीवर राहिलं, आणि रेडिओकडे पळायच्या घाईत एका मिनिटात जे केलंत ते अख्ख्या बडोद्याने ओळखलं. यातलं कोणतं मोठं, हे ठरवायला मी लहान आहे. मूळ चित्र जागचं हलणार नाही. समारंभात त्यावर झोत असेल आणि खाली तुमचं नाव. फक्त फोनमधल्या गोलात काठी असेल, जी आजवर कोणी तळून मागितलेली नाही.

मामींना नमस्कार. सौमित्रला आशीर्वाद, सूनबाईंना गुळाबद्दल सहानुभूती. रागावला असाल तर गुडघा शेकून मग रागवा.

तुमची, शब्द न पाळणारी भाची,
मृदुला

ता. क. १ : खरं काम राहिलंच. २०११ च्या उत्तरायणात अडुसष्टाव्या वर्षी पतंगामागे गच्चीवर धावताना तुम्ही पडलात, तेव्हा पंधरा दिवसांसाठी मंडळातून एक काठी नेली होतीत. तीच घेऊन तुम्ही पुण्याला गेलात आणि माझा अंदाज आहे की या घडीला ती तुमच्या खुर्चीला टेकलेली आहे. जरा उलटी करून मुठीच्या खालच्या अंगाला बघा. रेघा आहेत ना? त्या कमळाबाईंच्या नाहीत, तुमच्या हातच्या आहेत, त्र्याऐंशीच्या पहिल्या काठीवरच्या. कमळाबाईंनी चाळीस काठ्यांतून मुद्दाम तीच शोधून दिली होती, की मास्तरांचं लक्ष जाईल, आठवेल आणि उरलेलं पुरं करतील. तुम्ही चौदा वर्षं ती टेकत फिरलात आणि खाली पाहिलं नाहीत. इराला नवं चिन्ह त्या मूळ रेघांवरूनच काढायचंय, तेव्हा काठी हवी आहे. कुरिअरने पाठवू नका. फेब्रुवारीत स्वतः घेऊन या. जाताना दुसरी देऊ, रीतसर सही घेऊन.

ता. क. २ : माझी निळी खुर्ची गोरव्याहून अजून परत आलेली नाही. त्या गृहस्थांना बरं वाटू दे, माझी घाई नाही. कमोडची सवय झाली.

ता. क. ३ : कार्यकारिणीतल्या लोकांना वर जी नावं ठेवली आहेत, त्यात एक कमी आहे. माईचा वॉकर. तुमची ताई जाऊन सहा वर्षं झाली, आणि तो आमच्या मागच्या बाल्कनीत होता. माधव त्यावर बनियन वाळत घालायचा आणि मी घालू द्यायचे, म्हणजे तो वापरात आहे असं म्हणता येई. परवा सकाळी, भांडार उघडायच्या आधी, मी तो रिक्षात घालून नेला. डाव्या मुठीवर माईने जुन्या नऊवारीचा काठ गुंडाळला होता, हात घसरायचा म्हणून. तो सोडायला गेले तर कमळाबाई म्हणाल्या, “राहू दे, पुढच्याला पकड येईल.” वहीत सहा वर्षांपूर्वीच्या ओळीपुढे त्यांनी त्या दिवशीची तारीख घातली, माझी सही घेतली आणि चहा टाकला. काल तो वॉकर निजामपुऱ्याच्या एका बाईंकडे गेला.